एक कातळ, दोन तऱ्हांची माती

सातारा जिल्ह्याच्या पश्चिम टोकाला महाबळेश्वर, पूर्वेला माणदेश. दोन्हींच्या तळाशी खडक एकच : सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्ह्याच्या थरांतून घडलेला बेसॉल्ट, म्हणजे आपला काळा कातळ. तरी एकीकडे माथ्यावर तांबडा जांभा आहे आणि दुसरीकडे माणगंगेकाठच्या सखल रानात काळी, भेगाळणारी जमीन. हा फरक मुख्यतः हवामानाने घडवला, असे मी मानतो.

पावसाचे पाणी हवेतला, आणि त्याहून अधिक मुळांच्या श्वसनातून मातीत साठलेला, कार्बन डायऑक्साइड विरघळवून घेते व सौम्य आम्ल बनते. ते बेसॉल्टमधल्या फेल्डस्पार आणि पायरॉक्सीन या खनिजांना हळूहळू कुजवते. त्यांतून कॅल्शियम, मॅग्नेशियम, सोडियम, सिलिका मोकळी होतात. उष्णतेने या क्रियेला वेग येतो. पुढे मातीत काय उरणार, हे पाणी किती मुरते आणि त्याचा निचरा कसा होतो यावर ठरते.

महाबळेश्वरला वर्षाला साडेपाच-सहा हजार मिलिमीटर पाऊस होतो. एवढे पाणी झिरपून जाते तेव्हा आधी कॅल्शियम-सोडियम आणि मागाहून सिलिकाही धुऊन निघते. उरतात लोह व अॅल्युमिनियमची ऑक्साइडे आणि केओलिनाइटची चिकणमाती. जांभ्याचा तांबडा रंग या लोहाचा. कोल्हापूरच्या पश्चिम डोंगरांतले बॉक्साइट हे याच धुपणीचे शेवटचे टोक. मात्र माथ्यावरचा जांभा लक्षावधी वर्षांचा आहे. त्यात आजच्याबरोबर जुन्या हवामानाचाही वाटा आहे.

माणदेशात पाऊस पाचशे मिलिमीटरच्या आसपास. इथे सुटलेली द्रव्ये फार दूर जात नाहीत. सिलिका आणि मॅग्नेशियम जागेवरच राहून स्मेक्टाइट तयार होते. त्याच्या पापुद्र्यांत पाणी शिरले की माती फुगते, वाळली की आक्रसून भेगा पडतात. कॅल्शियम चुनखडीचे खडे होऊन खाली बसते. काळ्या रानाचा कस म्हणजे पावसाने न नेलेली शिल्लक. त्याच चुन्यापायी मातीत लोह असूनही पिकाला ते मिळत नाही आणि पाने पिवळी पडतात.

ही शिल्लकच पुढे अडचणीची ठरते. कृष्णाकाठी, शिरोळ-वाळव्याकडे, उसाला वर्षभर पाणी देऊन आपण कोरड्या हवामानात घडलेल्या जमिनीवर ओल्या मुलखाचे पाणी आणले. निचरा मात्र आणला नाही. भूजल वर आले, पाणी वाफ होऊन उडाले आणि क्षार वर बसले. रान क्षारपड झाले, काही ठिकाणी चोपण. सह्याद्रीच्या माथ्यावर पाणी येते तसे क्षार घेऊन निघूनही जाते; इथे ते निघण्याची वाट आपणच करून द्यायला हवी. जमिनीखाली निचऱ्याच्या नळ्या टाकणे ही तीच वाट. ती ज्या शिवारात झाली नाही, तिथे पाण्याची पाळी वाढवण्याआधी विचार व्हावा, कारण माती घडायला हजारो वर्षे लागतात आणि बिघडायला काही दशके पुरतात.