अहवालातील ‘सीडी’ आणि मेणाचा ठोकळा

मानेत, काखेत किंवा जांघेत आलेली न दुखणारी गाठ आठवड्यांमागून आठवडे तशीच राहिली, तर आपल्याकडे पहिला संशय क्षयाचा येतो. तो निराधारही नसतो. परंतु उतारवयात अशी गाठ लिम्फोमाची, म्हणजे लसिकाग्रंथींच्या कर्करोगाचीही असू शकते. केवळ सुईने काढलेल्या नमुन्यावर विसंबू नये. गाठीचा पुरेसा तुकडा, शक्य तर संपूर्ण गाठच, तपासणीस जावी.

त्या अहवालात ‘सीडी २०’, ‘सीडी ३’ अशी अक्षरे आपणांस दिसतील. ही पेशींवरील प्रथिनांची नावे होत. सीडी २० ही बी-पेशींची खूण, सीडी ३ ही टी-पेशींची. काही विरळ लिम्फोमांत मात्र हा सरळ हिशेब मोडतो. मॅन्टल सेल लिम्फोमा हा बी-पेशींचा विकार. तरीही त्याच्या पेशींवर सहसा सीडी ५ ही टी-पेशींची खूण सापडते. तेव्हा सायक्लिन डी १ या प्रथिनाची तपासणी निदानास आधार देते. प्लाझ्माब्लास्टिक लिम्फोमा बी-पेशींच्याच कुळातला, पण त्यात सीडी २० बहुधा नसतेच.

हा केवळ नावांचा घोळ नव्हे. रिटुक्सिमॅब हे औषध सीडी २० ला चिकटूनच काम करते. खूणच नसेल तर त्याने काय साधणार? उपचारांनंतर काही रुग्णांत ही खूण नाहीशी होते, म्हणून आजार उलटल्यास पुन्हा तुकडा तपासण्याचा सल्ला मिळाला तर कंटाळू नका. आयआयटी मुंबई आणि टाटा स्मारक केंद्र यांच्या सहकार्यातून साकारलेल्या नेक्सकार १९ या उपचारास २०२३ मध्ये मान्यता मिळाली. त्यात रुग्णाच्याच टी-पेशी सीडी १९ ही खूण ओळखतील अशा घडवल्या जातात. हा उपचार सर्वांसाठी नाही. उलटलेल्या किंवा दाद न देणाऱ्या काही बी-पेशी कर्करोगांसाठी आहे.

मळवलीहून लोकलने पुणे गाठा, नाहीतर लोणावळ्याहून गाडी धरून मुंबईत परळला टाटा रुग्णालयात जा; नुसती अहवालाची प्रत पुरत नाही. पहिल्या प्रयोगशाळेकडून काचपट्ट्या आणि ऊतीचा मेणाचा ठोकळा लेखी अर्ज करून मागून घ्या. त्यावरच नव्या खुणा तपासता येतात आणि वृद्ध रुग्णाची दुसरी शस्त्रक्रिया पुष्कळदा टळते. ठोकळा डबीत ठेवा. उन्हाळ्यात बंद मोटारीत मात्र विसरू नका, मेण मऊ पडते.