साडेसतरा अंशांवरची रेघ
आशियाचे हवामानपट्टे : भाग सहावा

सायबेरियातलं वेर्खोयान्स्क आणि मेघालयातलं मौसिनराम ही दोन टोकं आपण मागच्या भागांत पाहिली. एक थंडीचं टोक, दुसरं पावसाचं. या आठवड्यात होटगीला येऊ. सोलापूरच्या आग्नेयेला असलेलं हे गाव रेल्वेवाल्यांना जंक्शन म्हणून ठाऊक आहे. इथून एक मार्ग वाडीकडे जातो, दुसरा विजयपूर-गदगकडे. हवामानाच्या पुस्तकांत होटगीचं नाव सापडत नाही, पण आशियातला एक मोठा पट्टा समजून घ्यायला याहून चांगली जागा मला सुचत नाही.

होटगी साधारण साडेसतरा उत्तर अक्षांशावर आहे. नकाशावर तिथून पश्चिमेला सरळ रेघ ओढली, तर अडीचशे-पावणेतीनशे किलोमीटरवर ती चिपळूणला भेटते. दोन्ही गावांवर सूर्य वर्षभर सारख्याच कोनातून तळपतो, दिवसरात्रीची लांबीही सारखीच. तरी चिपळूणला वर्षाकाठी तीन हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो. सोलापूर परिसराची सरासरी, कोणती जागा आणि कोणती वर्षं धरता त्यानुसार, साडेपाचशे ते साडेसातशे मिलिमीटर भरते. अरबी समुद्रावरून आलेला वारा सह्याद्री चढताना थंड होतो आणि पाणी सांडतो. घाट ओलांडून तोच वारा खाली उतरतो, तेव्हा तापतो आणि कोरडा होतो.

इथपर्यंत शाळेत शिकवतात. पण याच रेघेवरून सातारा, म्हसवड, पंढरपूर करत पूर्वेला या. सगळ्यात कमी पाऊस होटगीला नाही, तो अलीकडे माण आणि सांगोल्याच्या बाजूला आहे. पर्जन्यछायेचा गाभा डोंगराच्या पाठीशी असतो. पूर्वेला सरकावं तसा बंगालच्या उपसागराचा हात पोचू लागतो. म्हणूनच सोलापूरकडे सर्वाधिक पाऊस जुलैत न पडता सप्टेंबरात पडतो. जुलैत पश्चिमेचा वारा इतका जोरात असतो, की ढग डोक्यावरून नुसते धावत जातात. सप्टेंबरात तो वारा मंदावतो, उपसागरातले कमी दाबाचे पट्टे आत येतात आणि दुपारच्या उन्हानं तापलेल्या हवेत गडगडाटी ढग उभे राहतात. मृगाच्या सुरुवातीनंतर लांबलेली उघडीप आणि मग उत्तरा-हस्तात झोडपणारा पाऊस, हा इथला क्रम शेतकऱ्यांना पिढ्यान्‌पिढ्या पाठ आहे.

आता खरा प्रश्न. लंडनला वर्षाला सहाशे मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, म्हणजे जवळजवळ आपल्याइतकाच. मग लंडन हिरवंगार आणि होटगी कोरडं का? व्लादिमीर क्योपेन या शास्त्रज्ञानं याचं उत्तर आकड्यांत बांधलं. तो सेंट पीटर्सबर्गमध्ये जन्मला आणि क्रिमियात वाढला. या दोन प्रदेशांमधल्या प्रवासांत बदलत जाणाऱ्या वनस्पती पाहून त्याला हवामानाच्या वर्गीकरणाची गोडी लागली. त्याची पहिली मांडणी १८८४ची, पुढे तो ती सुधारत राहिला. त्याच्या मते कोरडेपणा नुसत्या पावसावरून ठरत नाही. पाऊस ही जमा आणि उष्णतेनं उडून जाणारं पाणी हा खर्च, असा हिशेब मांडावा लागतो.

हिशेब सोपा आहे. वर्षाच्या सरासरी तापमानाला २०नं गुणायचं. पाऊस मुख्यतः उन्हाळी सहामाहीत पडत असेल तर त्यात २८० मिळवायचे, वर्षभर विखुरलेला असेल तर १४०. सोलापूरचं सरासरी तापमान २७ अंश सेल्सिअस धरलं तर ५४० अधिक २८०, म्हणजे ८२०. पाऊस ८२० मिलिमीटरहून कमी, म्हणून हवामान कोरडं. पण त्याच्या निम्म्याहून, ४१०हून, जास्त, म्हणून वाळवंट नव्हे. लंडनचं सरासरी तापमान ११ अंश, म्हणजे उंबरठा अवघा ३६०. सहाशे मिलिमीटर तिथे मुबलक ठरतात.

वाळवंट आणि ओलसर प्रदेश यांच्या मधल्या या वर्गाला क्योपेननं गवताळ मैदानांचं नाव दिलं. कझाकस्तान-मंगोलियातली मैदानं याच वर्गातली, फक्त ती थंड आणि आपलं माळरान उष्ण. हे नातं कागदावरचं नाही. हिवाळ्यात सोलापूरच्या माळांवर खाली तरंगत शिकार शोधणारे भोवत्या पक्षी पाहा. त्यांतल्या काही जाती कझाकस्तानच्या गवताळ प्रदेशात वीण करून इथे येतात. एका गवतावरून उठून दुसऱ्या गवतावर उतरतात. इथल्याच नान्नजला १९७९मध्ये माळढोकासाठी अभयारण्य झालं, आणि माळढोकाच्याच कुळातला एक मोठा पक्षी मध्य आशियातल्या मैदानांवर राहतो. माळ म्हणजे पडीक जमीन अशी आपली समजूत आहे. ती चुकीची आहे आणि तिची किंमत माळढोकानं मोजली आहे.

शेतीनं मात्र हे हवामान ओळखलं होतं. १९३३-३४मध्ये कोरडवाहू संशोधनासाठी देशात पाच केंद्रं निवडली गेली : सोलापूर, विजापूर (आजचं विजयपूर), रायचूर, हगरी आणि रोहतक. रोहतक वगळता चारही दख्खनच्या याच कोरड्या पट्ट्यातली. सोलापूर आणि विजापूर यांच्यामध्ये तर होटगी येतं. समपातळीवरची बांधबंदिस्ती, खोल नांगरट, भेगा बुजवणारी कोळपणी, दोन ओळींतलं वाढवलेलं अंतर अशा उपायांची इथे कसोशीनं तपासणी झाली. भारी काळ्या जमिनीत सप्टेंबरचं पाणी साठवायचं आणि त्याच ओलीवर, थंडीत, पावसाच्या एका थेंबावाचून ज्वारी पिकवायची, हे रब्बीचं तंत्र या हवामानाला तंतोतंत बसतं. मोहोळच्या केंद्रावर निवडलेली मालदांडी ३५-१ ज्वारी आजही पेरली जाते. मंगळवेढ्याच्या ज्वारीला २०१६मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. माझ्या मते आपल्या शेतीविज्ञानातलं हे अत्यंत अभिमानाचं काम आहे आणि त्याची चर्चा फारच थोडी होते.

अलीकडे ढगांवरही काम झालं. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानविज्ञान संस्थेनं २०१८ आणि २०१९च्या पावसाळ्यांत सोलापूर परिसरात विमानांनी ढगांत क्षारकण सोडून पाहिले. योग्य ढग मिळाला तर पाऊस काही प्रमाणात वाढतो. पण प्रत्येक ढग योग्य नसतो आणि ढगच नसेल तर उपाय चालत नाही.

आणि तरी या जिल्ह्यात ऊस उभा आहे. उसाला वर्षाकाठी दोन हजार मिलिमीटरच्या आसपास पाणी लागतं, इथल्या पावसाच्या जवळजवळ तिप्पट. ते येतं उजनी धरणातून, आणि उजनीत येतं भीमेच्या उगमाकडच्या घाटांतून. म्हणजे हा ऊस भीमाशंकरच्या हवामानावर वाढतो. २०२३चा पावसाळा वरच्या खोऱ्यात कमी पडला, तेव्हा २०२४च्या उन्हाळ्यात उजनीचा उपयुक्त साठा उणे पन्नास टक्क्यांच्याही खाली गेला. त्या वर्षी सोलापूर शहरानं नळाच्या पाण्यासाठी काढलेले दिवस वाचकांपैकी अनेकांना आठवत असतील.

पुढच्या भागात हीच रेघ पूर्वेला नेऊ : विशाखापट्टणमच्या किनाऱ्यावरून उपसागर ओलांडून म्यानमार आणि लाओसकडे, जिथे याच अक्षांशांवर भाताची खाचरं पसरली आहेत.