मनीचं ‘पुरे’ ओळखायचं कसं?

मनी आपण होऊन मांडीवर येते. डोळे मिटून घुरघुरते. तुम्ही प्रेमाने पाठीवरून हात फिरवत असता आणि अचानक सप्‌! हातावर लाल रेघ, मनी पलंगाखाली. नख लागल्यापेक्षा जास्त झोंबतं ते हे, की आपण तर तिचे लाडच करत होतो! वर हीच मनी आजीच्या पायाशी तासन्‌तास पडून असते. आजी तर तिला हातही लावत नाही. मग मनीचा राग आपल्यावरच का?

राग नाहीच मुळी. आणि ‘अचानक’ही नाही. बोचकारण्याआधी मनीने तुम्हाला बऱ्याचदा सांगून पाहिलेलं असतं. फक्त ती तोंडाने बोलत नाही, शेपटीने बोलते.

पुढच्या वेळी तिला कुरवाळताना तिच्याकडे नीट बघा. आधी शेपटीचं टोक वळवळतं. मग सगळी शेपटीच डावी-उजवीकडे आपटायला लागते. कुत्र्याची शेपटी हलली की तो बहुतेक वेळा खूश असतो, म्हणून आपण फसतो. मांजराचं तसं नाही. घुरघुर थांबते. पाठीवरची कातडी थरथरते. कान बाजूला वळतात, मग मागे चपटे होतात. मान वळवून ती तुमच्या हाताकडे बघते. एवढं झालं, की समजायचं: ‘पुरे!’ हात लगेच बाजूला घ्या. नखं बाहेर यायची वेळच येणार नाही.

कुठे हात लावला, यावरही बरंच अवलंबून असतं. एकमेकांशी जमणारी मांजरं एकमेकांना चाटतात ती मुख्यतः डोक्यावर आणि मानेवर. म्हणून गाल, हनुवटी, कानांच्या पुढची जागा इथे खाजवलेलं बहुतेकींना आवडतं. शेपटीच्या बुडाशी मात्र अनेक मांजरी चिडतात. आणि पोट? मनी उताणी लोळली, तर तिचा तुमच्यावर विश्वास आहे, ही मोठीच गोष्ट. पण ते पोटाला हात लावायचं आमंत्रण नव्हे. तिच्या शरीरातला सगळ्यात नाजूक भाग तो. तिथे हात गेला, की चारही पंजे आपोआप बचावाला धावतात.

मनी एवढी सावध का, हे कळायला फार मागे जावं लागतं. घरातली सगळी मांजरं आफ्रिकी रानमांजराची वंशज आहेत. पश्चिम आशियात माणूस शेती करू लागला, धान्य साठवू लागला. धान्यामागे उंदीर आले, उंदरांमागे ही रानमांजरं. सायप्रस बेटावर सुमारे 9,500 वर्षांपूर्वीचं एक दफन सापडलंय: माणूस, आणि त्याच्या जवळच पुरलेलं एक मांजर! त्या बेटावर मुळात रानमांजरं नव्हतीच. म्हणजे माणसांनीच त्यांना होडीतून तिथे नेलं असणार. किती जुनी दोस्ती ही!

पण ते रानमांजर एकट्याने शिकार करणारं होतं. शिवाय मोठे प्राणी त्याचीच शिकार करत. मागून, वरून झडप आली, की पळायचं, नाहीतर नखं काढायची. तोच स्वभाव मनीत अजून आहे. म्हणून तुम्ही धावत येऊन तिला वरून उचललंत, की ती बिथरते. तिचे कानही फार तीक्ष्ण. आपल्याला सेकंदाला साधारण 20,000 कंपनांपर्यंतचा आवाज ऐकू येतो, तिला 60,000 च्या पुढचाही. तुमची आरडाओरड तिला कशी वाटत असेल, विचार करा!

आता आजीचं गुपित कळलं? आजी तिच्याकडे टक लावून बघत नाही. मांजरांच्या जगात रोखून बघणं म्हणजे धमकी. आजी तिच्या मागे लागत नाही आणि ती उठून निघाली तर अडवत नाही. मनीला हवं ते सगळं तिथे मिळतं.

2020 साली ब्रिटनमधल्या ससेक्स आणि पोर्ट्समथ विद्यापीठांच्या शास्त्रज्ञांनी एक गंमत तपासून पाहिली. माणसाने मांजराकडे बघून डोळे अर्धवट मिटत सावकाश उघडझाप केली, की मांजरंही तशीच उघडझाप करतात, असं दिसलं. अनोळखी माणसाने असं करून हात पुढे केला, तर निर्विकार चेहऱ्याच्या माणसापेक्षा त्याच्याजवळ ती जास्त वेळा आली. मला हा प्रयोग फार आवडतो, कारण त्याला फक्त आपले डोळे आणि थोडा धीर लागतो.

एक सवय मात्र आजच सोडा: बोटं नाचवून मनीशी खेळणं. त्यातून ती शिकते, की बोटं म्हणजे शिकार. त्यापेक्षा काठीला दोरी बांधून खेळा आणि खेळ संपला की दोरी उचलून ठेवा; गिळली गेली तर तिच्या जिवावर बेतू शकतं.

तरीही नख लागलं किंवा दात लागला, तर घाबरून लपवू नका. मांजराचे दात बारीक असले तरी खोल जातात. रेबीज मांजरांमुळेही होऊ शकतो. जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने 15 मिनिटं धुवा, हळद-तिखट-चुना काही लावू नका, घरच्या मोठ्यांना लगेच सांगा आणि डॉक्टरांकडे जा. तुम्हाला ओरडा बसेल म्हणून गप्प राहायचं नाही, हं!

आज संध्याकाळी हे करून बघा. जमिनीवर बसा, गप्प. मनी दिसली की डोळे सावकाश मिटा, उघडा. एक बोट तिच्या नाकाच्या उंचीवर पुढे धरा आणि थांबा. तिने वास घेऊन गाल घासला, तर ती आपला वास तुम्हाला लावतेय. आता गालावर थोडं खाजवा आणि हात मागे घ्या. अजून हवं असेल तर ती स्वतःच डोकं पुढे करेल. आणि ती नाहीच आली, तर तिला ओढून काढायला पलंगाखाली शिरू नका. उद्या पुन्हा बसा.