फायरवॉल आणि अडलेली खतावणी

बेळगावच्या रविवार पेठेत आमचे धान्याचे घाऊक दुकान. तळमजल्यावर पेढी, माडीवर बिऱ्हाड. वह्या जाऊन संगणक आला तेव्हा खतावणी परक्या जागी ठेवण्यास आमचे मन धजेना. म्हणून माडीवरच एका जुन्या संगणकावर उबंटू बसवून त्याचा सर्व्हर केला. हिशेबाचा प्रोग्राम त्याच्या ८०८० क्रमांकाच्या पोर्टवर चालतो.

गेल्या वर्षी दिवाळीच्या तोंडावर खानापूरकडील एक जुने गिऱ्हाईक बाकी चुकती करण्यास रोख रक्कम घेऊन आले, आणि नेमकी तेव्हाच मुनीमजींच्या पडद्यावर खतावणी उघडेना. बराच वेळ चक्र फिरे आणि अखेर ‘कनेक्शन टाइम्ड आउट’ अशी अक्षरे उमटत. बाकीचा आकडा कोणाच्याही तोंडपाठ नव्हता. बोलावलेल्या तंत्रज्ञाने फायरवॉलच बंद करण्याचा सल्ला दिला. वखारीचे कुलूप अडते म्हणून दार उखडून ठेवावे, त्यातलाच हा उपाय! आम्ही साफ नकार दिला. मग नातीने तपास हाती घेतला.

येथे एक भेद व्यापारी बंधूंनी ध्यानात घेण्याजोगा आहे. ‘कनेक्शन रिफ्यूज्ड’ असे उत्तर आले, तर यंत्र गाठले गेले, परंतु त्या पोर्टवर बहुधा प्रोग्रामच चालू नाही असे समजावे. (फायरवॉललाही असा उघड नकार देण्यास सांगता येते, पण ते विरळा.) ‘टाइम्ड आउट’ म्हणजे कोणीच उत्तर दिले नाही: एकतर यंत्र बंद, वाट तुटलेली वा पत्ता चुकीचा, नाहीतर पहारेकऱ्याने आलेला निरोप मुकाट्याने टाकून दिलेला.

नातीने मुनीमजींच्या संगणकावरून ‘पिंग’ केले; सर्व्हरने तत्काळ उत्तर दिले. म्हणजे वाट व पत्ता ठीक. माडीवर सर्व्हरपाशी बसून पाहिले, तो खतावणी बिनतक्रार उघडली. मात्र एवढ्याने भागत नाही. कित्येकदा प्रोग्राम केवळ १२७.०.०.१ या स्वतःच्याच पत्त्यावर ऐकत असतो व बाहेरच्यास दाद देत नाही. ‘एसएस’ या आज्ञेने पाहता तो ०.०.०.० वर, म्हणजे सर्वांसाठी, ऐकत होता. आता संशय एकट्या पहारेकऱ्यावर उरला.

उबंटूच्या ‘यूएफडब्ल्यू’ या फायरवॉलची नोंदवही वाचली, तो ‘यूएफडब्ल्यू ब्लॉक’ अशा ओळींची रांग! प्रत्येक ओळीत पाठविणाऱ्याचा पत्ता १९२.१६८.० ने सुरू होणारा, पोर्ट ८०८०. उलगडा झाला. आदल्या दिवशी राउटर बदलला होता. जुना राउटर घरातील यंत्रांना १९२.१६८.१ ने सुरू होणारे पत्ते देई, आणि फायरवॉलला परवानगीही तेवढ्याच पत्त्यांची दिलेली होती. पहारेकरी बिचारा दिलेला हुकूम इमानाने पाळीत होता. घरच्या माणसांची आडनावे रातोरात बदलली हे त्याला कोण सांगणार?

१९२.१६८.०.०/२४ या नव्या गटास केवळ ८०८० पोर्टची परवानगी दिली, जुनी काढून टाकली, आणि सर्व्हरचा पत्ता पुन्हा बदलू नये म्हणून राउटरमध्ये तो राखून ठेवला. गिऱ्हाइकाचा तिसरा चहा संपण्यापूर्वी त्यांची बाकी पडद्यावर आली. रक्कम मोजून घेतली. तेव्हापासून मुनीमजी दर शनिवारी येणे बाकीची एक प्रत कागदावर छापून गल्ल्यात ठेवतात. आम्हीही त्यांना अडवीत नाही.