अस्सल कागद आणि खरे विधान

वि. का. राजवाडे यांनी ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’ या मालेचा पहिला खंड १८९८ साली प्रसिद्ध केला व त्याच्या विस्तृत प्रस्तावनेत बखरींची कठोर तपासणी केली. तेव्हापासून मराठी इतिहाससंशोधनात एक दंडक रूढ झाला : बखर मागाहून लिहिलेली, म्हणून गौण; पत्र समकालीन, म्हणून प्रमाण. हा दंडक उपकारक ठरला यात शंका नाही. परंतु त्याच्या यशाबरोबरच एक गल्लतही रुजली. कागद अस्सल ठरला की त्यातील विधानही खरे ठरले, असे पुष्कळदा नकळत गृहीत धरले जाते. वस्तुतः अस्सलपणा हा कागदाचा धर्म आहे. सत्यता हा विधानाचा. आणि विधानाची सत्यता पारखण्यापूर्वी ते वस्तुस्थिती कळविण्यासाठी केले आहे काय, हेच विचारावे लागते. एकाच पत्रात काही वाक्ये कळविण्यासाठी, काही पटविण्यासाठी, तर काही केवळ आपली व समोरच्याची पायरी दर्शविण्यासाठी लिहिलेली असतात.

यांपैकी पहिल्या दोन प्रयोजनांतील भेद न्यायशास्त्राने फार पूर्वी नोंदविला आहे. गौतमाच्या न्यायसूत्रांत कथेचे वाद, जल्प व वितंडा असे तीन प्रकार सांगितले आहेत. वाद तत्त्वनिर्णयासाठी, जल्प विजयासाठी; वितंडेत स्वतःचा पक्ष न मांडता केवळ परपक्षाचे खंडन असते. येथे लक्षात घेण्याजोगी गोष्ट ही, की प्रमाणे आणि तर्क यांचा उपयोग जल्पातही होतो. म्हणजे वाक्य कितीही सप्रमाण दिसले तरी तेवढ्यावरून बोलणारा सत्याच्या शोधात आहे की जयाच्या, हे कळत नाही. त्यासाठी वाक्याबाहेर पाहावे लागते : कोणापुढे बोलले गेले, आणि हरल्यास काय जाणार होते.

वतनाच्या तंट्यांचे कागद या दृष्टीने वाचण्यासारखे आहेत. पाटीलकीसारख्या वतनाबद्दल वाद उपस्थित झाला की दोन्ही पक्ष गोतसभेपुढे आपापला करीना मांडीत. अनेक पिढ्यांची हकीकत, मूळ पुरुष कोण, वडील घराणे कोणते, दुष्काळात कोण गाव सोडून गेले आणि कोण राहिले, हे सारे त्यात तपशिलाने येते. तपशिलाच्या या विपुलतेमुळेच करीना अभ्यासकाला मोह घालतो. परंतु तो वादीने वा प्रतिवादीने लिहवून दिलेला मजकूर आहे. परिभाषेत सांगायचे तर तो जल्प आहे. मग तो निरुपयोगी काय? मुळीच नाही. दोन्ही करीन्यांत ज्या गोष्टी निर्विवादपणे गृहीत धरलेल्या असतात त्यांना मोठे वजन आहे, कारण त्या नाकारण्यात कोणाचाच लाभ नव्हता, किंवा नाकारल्या असत्या तर सभेने ऐकून घेतले नसते. शिवाय दीर्घ भोगवटा, जुने कागद, गोताची साक्ष यांपैकी कशावर भर दिला आहे, यावरून त्या सभेला काय पटत असे हे कळते. निवाडा झाल्यावर हरलेला पक्ष यजितखत लिहून देई. त्यातील कबुली ही ऐतिहासिक वस्तुस्थितीची कबुली समजणे मात्र धोक्याचे आहे. ती पराभवाची नोंद आहे.

तिसऱ्या प्रयोजनाला न्यायसूत्रांच्या या वर्गीकरणात स्थान नाही, कारण कथा सुरू होते ती नमस्कार-चमत्कार आटोपल्यानंतर! पत्राचा मायना हे त्या प्रयोजनाचे शुद्ध उदाहरण होय. कोणाला ‘वेदशास्त्रसंपन्न’ म्हणावे, कोणाला ‘राजश्री’, कोठे आशीर्वाद लिहावा, कोठे दंडवत, शेवट ‘विज्ञापना’ने करावा की ‘जाणिजे’ने, याचे संकेत इतके सूक्ष्म होते की लेखकांच्या मार्गदर्शनासाठी मेस्तके रचली गेली. ज्याच्या फौजेचा रोजमुरा थकला आहे अशा सरदारालाही ‘अखंडितलक्ष्मीअलंकृत’ असेच संबोधिले जाई. हे विधान खोटे होते असे म्हणणे हास्यास्पद ठरेल. ते खरेखोटेपणाच्या कक्षेतच येत नाही. पेशव्यांच्या पत्रांत पेशवा स्वतःला ‘सेवक’ म्हणवितो, तेही ज्याला आज्ञा करावयाची त्याला लिहिताना. तो त्या सरदाराचा सेवक नव्हे. दोघेही छत्रपतींचे सेवक, एवढाच त्याचा अर्थ. १७५० नंतर सत्ता पुण्यास एकवटली तरी ही भाषा टिकली व पेशवेपदाची वस्त्रे साताऱ्याहूनच येत राहिली. त्या भाषेवरून सत्ता कोठे होती ते समजत नाही, पण अधिकाराचा उगम कोठे मानला जात होता ते निश्चित समजते.

नाण्यांवरील लेख याहून बोलके आहेत. ईस्ट इंडिया कंपनीने बंगालमध्ये दुसऱ्या शाहआलमच्या नावाने रुपये पाडले. त्यांवर बादशहाच्या कारकिर्दीचे १९ वे वर्ष आणि मुर्शिदाबाद ही टांकसाळ कायमची कोरलेली असे. मग वर्ष कोणतेही असो आणि नाणे कलकत्त्यास पाडलेले असो. शाहआलम १८०६ साली मरण पावला तरी १८३५ पर्यंत त्याचे नाव नाण्यांवरून गेले नाही. वर्ष गोठविण्याचे कारण व्यावहारिक होते : जुन्या सालाच्या रुपयावर सराफ बट्टा कापीत. लेखातील बहुतेक तपशील असत्य, तरी फसला कोणीच नाही.

या तिन्ही प्रयोजनांची सरमिसळ झाली म्हणजे अभ्यासकाची खरी कसोटी लागते. १७९२ साली महादजी शिंदे बादशहाकडून पेशव्यांसाठी वकील-इ-मुतलकपदाची वस्त्रे व फर्मान घेऊन पुण्यास आले. ग्रँट डफने १८२६ च्या आपल्या इतिहासात वर्णिल्याप्रमाणे ते दरबारात इतर मानकऱ्यांच्या खाली बसले, वर बसण्याची विनंती नाकारली आणि बगलेतील गाठोड्यातून पेशव्यांसाठी नवे जोडे काढून हाच आपल्या वडिलांचा व्यवसाय असल्याचे सांगितले. आपण पाटील आहोत, असे ते एरवीही म्हणत. हे विधान शब्दशः खोटे नव्हते. पाटीलकी त्यांच्या घराण्यात होतीच. पण ज्याच्या कवायती फौजेची उत्तरेत त्या वेळी दहशत होती त्याने ते उच्चारले. तरुण सवाई माधवरावांना ते आपलेसे करण्यासाठी होते, नाना फडणविसांच्या पक्षाला खिजविण्यासाठी होते, की जुन्या निष्ठेचे प्रांजळ प्रदर्शन होते? विनय आणि ढोंग यांवर चर्चा पुष्कळ झाली. आसनाकडे मात्र थोड्यांचेच लक्ष गेले. मानकऱ्यांत वरचे आसन त्यांनी मागितले असते तर त्या मानकऱ्यांचा क्रम मान्य केल्यासारखे झाले असते. खाली बसल्याने त्या क्रमातून ते बाहेर पडले, आणि पेशव्यांशी मधल्या कोणाचीही गरज नसलेले नाते त्यांनी भर दरबारात सांगितले.