दोष मुलाचा नव्हता, टीव्हीच्या सेटिंगचा होता

गेल्या ईदला माझ्या भावाने आपला जुना प्लेस्टेशन भाच्याला दिला. मुलगा आठवीत आहे. अभ्यास झाल्यावर रोज एक तास खेळायचे, असे ठरले. आठवडाभरातच त्याची तक्रार सुरू झाली, "अम्मी, मी वेळेवर बटण दाबतो, पण खेळाडू उशिरा उडी मारतो. आपला टीव्ही बदलायला हवा."

मला वाटले, नव्या टीव्हीसाठी हा बहाणा आहे. "स्वतः हरायचे आणि दोष टीव्हीला द्यायचा!" असे मी त्याला दादीसमोर सुनावले. तो गप्प झाला. पुढे चार दिवस त्याने प्लेस्टेशनला हातही लावला नाही.

रविवारी भाऊ आला. त्याने टीव्हीचा रिमोट घेतला, पिक्चरच्या मेनूत जाऊन 'गेम मोड' चालू केला आणि म्हणाला, "आपा, आता तूच खेळून बघ." मी बटण दाबले आणि खेळाडूने तत्काळ उडी मारली. मुलगा खरेच बोलत होता.

असे का होते? आजचा टीव्ही आलेले चित्र जसेच्या तसे दाखवत नाही. तो आधी रंग खुलवतो, कडा ठळक करतो आणि हालचाल गुळगुळीत दिसावी म्हणून दोन चित्रांच्या मधले चित्र स्वतः तयार करतो. मधले चित्र बनवायचे तर पुढचे चित्र येईपर्यंत थांबावेच लागते. बातम्या पाहताना हा उशीर कळत नाही. पण खेळात सेकंदाला 60 चित्रे येतात, म्हणजे एका चित्राच्या वाट्याला सुमारे 16.7 मिलिसेकंद. टीव्हीने सेकंदाचा दहावा भाग उशीर केला, तर सहा चित्रे मागे पडली. गेम मोडमध्ये ही बहुतेक सजावट बंद होते आणि उशीर कमी होतो.

घरी कन्सोल असेल तर एवढे करून पाहा.

1. कन्सोलची केबल ज्या एचडीएमआय इनपुटला आहे, तो इनपुट लावूनच गेम मोड सुरू करा. बऱ्याच टीव्हींत प्रत्येक इनपुटचे सेटिंग वेगळे राहते, त्यामुळे दादीच्या बातम्यांचे चित्र बदलत नाही. मात्र केबल दुसऱ्या इनपुटला लावली, तर सेटिंग पुन्हा तपासा.

2. 'व्हिव्हिड' किंवा 'डायनॅमिक' मोड दुकानाच्या झगमगाटात उठून दिसण्यासाठी बरा असतो. घरात तो डोळ्यांना खुपतो.

3. शार्पनेस कमी करा. तो वाढवल्याने चित्रात नवा तपशील येत नाही, फक्त कडांभोवती पांढरट रेघ उमटते.

4. ब्राइटनेसने मुख्यतः चित्राचा काळा भाग ठरतो आणि कॉन्ट्रास्टने पांढरा. अंधाऱ्या खोलीचे दृश्य लावा. काळा रंग राखाडी दिसत असेल तर ब्राइटनेस उतरवा, कोपऱ्यातल्या वस्तू दिसेनाशा झाल्या तर थोडा चढवा. काही टीव्हींत 'ब्राइटनेस' या नावाखाली पडद्यामागचा उजेड असतो आणि हे काम 'ब्लॅक लेव्हल' करते.

5. तरीही चित्र फिकट किंवा फार काळे वाटले, तर प्लेस्टेशनमधील 'आरजीबी रेंज' ऑटोमॅटिकवर ठेवा.

6. गुण किंवा नकाशा पडद्याच्या कडेला कापला जात असेल, तर टीव्हीत 'स्क्रीन फिट' किंवा 'जस्ट स्कॅन' निवडा.

काही नवे टीव्ही आणि कन्सोल एकमेकांना ओळखून गेम मोड आपोआप सुरू करतात. जुन्या संचात ते आपल्यालाच करावे लागते. खेळताना खोलीतला दिवा चालू ठेवा आणि दर वीस मिनिटांनी मुलाला थोडा वेळ दूरवर पाहायला लावा. सेटिंग कितीही चांगले असले, तरी ठरलेला एक तास हा एकच तास!

शाळेत मी नव्या शिक्षकांना नेहमी सांगते, मुलाला खोटे ठरवण्याआधी त्याचे म्हणणे तपासून पाहा. घरात मात्र मीच ते विसरले. नवा टीव्ही घ्यावा लागला नाही, हजारो रुपये वाचले. माफी तेवढी मागावी लागली. ज्या दादीसमोर मी त्याला सुनावले होते, त्यांच्यासमोरच ती मागितली. मुलगा हसला आणि दुसरा कंट्रोलर माझ्या हातात देऊन म्हणाला, "अम्मी, चल, एक डाव."

मी हरले. या वेळी टीव्हीला दोष देता आला नाही.