शाखेची निवड : संशोधनाची ओढ आणि रुग्णसेवेची आवड

आंतरवासिता संपवून पदव्युत्तर प्रवेशपरीक्षेच्या तयारीस लागणारे तरुण डॉक्टर आमच्या ज्येष्ठ मानद डॉक्टरांकडे एक प्रश्न हमखास घेऊन येतात. कोणती शाखा घ्यावी? बहुतेकांच्या बाबतीत त्याचे उत्तर गुणानुक्रमच देऊन टाकतो. काहींची अडचण मात्र निराळी असते. मन संशोधनाच्या एका विषयात गुंतलेले असते आणि हात दुसऱ्याच कामात रमतात. आपल्या गावाला उद्या कोणता डॉक्टर लाभणार, हे अशाच निर्णयांवर ठरत असल्याने हितचिंतकांनाही या अडचणीचे स्वरूप कळावे, असे आम्हांस वाटते.

औषधांना दाद न देणाऱ्या क्षयाचे उदाहरण घेऊ. जंतू औषधाला का जुमानत नाहीत, या कुतूहलाचे हक्काचे घर म्हणजे सूक्ष्मजीवशास्त्र. तेथे रुग्ण सहसा समोर येत नाही. येते ती त्याच्या थुंकीची बाटली. घन माध्यमावर क्षयजंतूंची वाढ दिसण्यास कित्येक आठवडे लागतात. हा संयम सर्वांना मानवतोच असे नाही. उलट मेडिसिन शाखेत बाह्यरुग्ण विभागातील रांग, रात्रपाळ्या आणि नातेवाइकांचे प्रश्न यांतून जंतूंचा विचार करण्यास उसंत मिळत नाही. दोन्ही अभ्यासक्रम तीन-तीन वर्षांचे. मध्येच जागा सोडल्यास बहुधा बंधपत्राची रक्कम भरावी लागते, आणि गेलेली वर्षे परत येत नाहीत ती निराळीच.

अशा वेळी रोजच्या कामाला अधिक वजन द्यावे, असे आमचे स्पष्ट मत आहे. संशोधनाचा प्रश्न काळानुसार बदलतो, आणि त्याच्यापर्यंत अनेक वाटांनी पोहोचता येते. रोजचे काम मात्र तीस-पस्तीस वर्षे तेच राहते.

ऑस्ट्रेलियातील पर्थ येथे १९७९ साली रॉबिन वॉरन या विकृतिशास्त्रज्ञांना जठराच्या ऊतकांत वाकडे जंतू दिसले. ते जंतू कोणाच्या पोटातले आणि त्या रुग्णांना कोणता त्रास होत होता, हे सांगणारा रुग्णालयातला कोणी हवा होता. १९८१ मध्ये मेडिसिनचे प्रशिक्षण घेत असलेले बॅरी मार्शल त्यांना येऊन मिळाले. जठरव्रणाचे कारण म्हणून या जंतूंची ओळख पटली आणि २००५ चे नोबेल पारितोषिक दोघांना मिळून देण्यात आले. मार्शल यांना त्यासाठी विकृतिशास्त्रज्ञ व्हावे लागले नाही. योग्य सहकाऱ्याचे दार ठोठावणे पुरले.

आपल्याकडेही महाडचे डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी कोकणातील विंचूदंशाचा अभ्यास रुग्ण तपासता तपासताच केला. दंशाने हृदयावर येणाऱ्या ताणावर त्यांनी प्राझोसिन हे औषध वापरले आणि त्यामुळे मृत्यूंचे प्रमाण मोठ्या प्रमाणात घटले. प्रतिविषाची जोड दिल्यास काय होते, याविषयीचा त्यांचा अभ्यास २०११ साली ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये प्रसिद्ध झाला.

याचा अर्थ प्रयोगशाळेच्या शाखा दुय्यम, असा कोणी घेऊ नये. घरची मंडळी ‘पेशंट बघणारा डॉक्टर’ हवा म्हणून आग्रह धरतात आणि सूक्ष्मदर्शकापाशी तासन्‌तास रमणारा विद्यार्थी नाइलाजाने वॉर्डात जातो. त्यात त्याचेही नुकसान आणि रुग्णांचेही. टाटा मेमोरियलचे डॉ. वसंत खानोलकर यांनी कर्करोग व कुष्ठरोगावर केलेले काम विकृतिशास्त्रातलेच होते.

विचारावयास येणाऱ्यांना आम्ही सुचवितो की, दोन्हीकडे किमान पंधरा-पंधरा दिवस बसून पाहावे आणि लक्ष रोमांचक भागाकडे नव्हे, तर कंटाळवाण्या भागाकडे ठेवावे. प्रयोगशाळेतील नोंदवह्या जड वाटतात की पहाटे तीनचा राउंड? जो कंटाळा सोसवतो, ती शाखा बहुधा आपली असते.

मात्र रुग्णसेवा निवडणाऱ्याचे कुतूहल टिकवावयाचे, तर रुग्णालयालाही काही द्यावे लागते. आठवड्यातून एक दुपार ओपीडीतून मोकळी हवी, आकडेमोड समजावणारा संख्याशास्त्रज्ञ हवा, आणि जुने केसपेपर मागितल्याबरोबर हाती यावयास हवेत. यांतील शेवटची गोष्ट सर्वांत स्वस्त, आणि बहुतेक ठिकाणी तीच अडते.